वाचक विचारतात : व्हॅनमधला त्रास

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मुलगा सहावीत, सीबीएसई शाळेत आहे. व्हॅनमध्ये नववीची तीन मुलं त्याचा डबा हिसकावतात, दप्तर फेकाफेकी करतात, आडनावावरून चिडवतात. सकाळी त्याच्या पोटात दुखतं, रविवारी मात्र दुखत नाही. वर्गशिक्षिकेने चौघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावले, तर त्रास वाढलाच. ह्यांचं म्हणणं, "तूही दोन ठेवून दे." काय करावं?

उत्तर : त्रास वाढला यात नवल नाही. समेट होतो तो बरोबरीच्या भांडणात. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : मुद्दाम दिलेला त्रास, तो पुन्हा पुन्हा होणं आणि ताकदीतली तफावत. तुमच्याकडे तिन्ही आहेत. अशा मुलाला मोठ्यांसमोर बसवलं की तो "काही नाही, मॅडम" म्हणतो, आणि तक्रार कोणी केली हे त्या तिघांना आयतंच कळतं. "दोन ठेवून दे" हेही तिघांपुढे चालत नाही. वर शाळेची चिठ्ठी तुमच्याच घरी येते, कारण डबा हिसकावलेला कोणी पाहत नाही, मारलेलं मात्र दिसतं.

एक वही करा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण हजर होतं, एवढंच लिहा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, आपली भर नको. रोज खोदून विचारू नका, "आज व्हॅनमध्ये कुठे बसलास?" एवढा प्रश्न पुरतो. आठवड्याभराच्या नोंदी झाल्या की मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. मारहाण किंवा धमकी असेल तर आठवडाभर थांबू नका.

अर्जात "कडक कारवाई" मागितली की तंबी मिळते आणि फाइल बंद होते. त्यापेक्षा व्यवस्था मागा : लहान मुलं चालकाच्या लगेच मागे, मोठी शेवटच्या सीटवर, तिघांशी आणि त्यांच्या पालकांशी वेगवेगळं बोलणं, व्हॅनमधल्या बाकीच्या मुलांशीही बोलणं. ही बाकीची मुलं महत्त्वाची. ती हसतात म्हणून खेळ रंगतो. एखाद्याने "ए, डबा दे त्याचा" म्हटलं की बऱ्याचदा मजा जाते. व्हॅन खासगी आहे, आमची नाही, असं उत्तर मिळेल. मुलं तर शाळेचीच आहेत ना? सीटची गोष्ट मात्र व्हॅनच्या पालकांनी मिळून चालकाशी ठरवावी, लवकर होते.

सीबीएसईने २०१५ साली शाळांना छळ रोखण्यासाठी समिती नेमायला सांगितलं आहे. तुमच्या शाळेतल्या समितीपुढे अर्ज ठेवा, असं स्पष्ट लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटा. व्हॅनमधलं थांबून तेच स्वच्छतागृहात किंवा व्हॉट्सअॅपवर सुरू होतं. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. शाळा दाद देत नसेल तर मुलांसाठीची १०९८ ही मोफत हेल्पलाइन आहे. पोटदुखीसाठी डॉक्टरांना एकदा दाखवाच, सोंग समजू नका.

प्रश्न : आमची मुलगी मैत्रिणींना एकीशी बोलू देत नाही, अशी तक्रार आली. ही रुसवाफुगवीच नाही का?

उत्तर : रुसवा दोन्हीकडून असतो आणि दोन दिवसांत विरतो. इथे रोज तीच एक मुलगी बाहेर आहे. "का केलंस?" विचारलं की सबबी मिळतात, "काय झालं, मग तू काय म्हणालीस?" असं क्रमाने विचारा. सर्वांदेखत माफी मागायला लावू नका, तो देखावा होतो. जे मोडलं तेच तिला जोडायला सांगा : खोटं पसरवलं असेल तर ज्या मुलींना सांगितलं, त्यांनाच जाऊन ते खोटं होतं हे सांगायचं.