गढी की वाडा? आणि भिंतीला लागलेला लोणा

प्रश्न : शेतीवाडीवर देखरेखीसाठी पूर्वजांनी बांधलेली आमची जुनी वास्तू आहे. घरातले तिला गढी म्हणतात, गावकरी वाडा. नेमके काय समजावे? (एक वाचक, ता. कागल)

उत्तर : गढी म्हणजे बचावाच्या दृष्टीने बांधलेला वाडा, म्हणून आधी दरवाजा बघा. गढीच्या मोठ्या दाराच्या एका फळीत दिंडी असते, वाकून एका वेळी एकच माणूस आत शिरेल एवढी. दारामागे दोन्ही भिंतींत अडसराच्या चौकोनी खोबणी दिसतील. त्यातली एक वीतभर आणि दुसरी भिंतीत खोलवर गेलेली असली, तर दार उघडताना अख्खा अडसर त्या भिंतीतच सरकवत. पुढे देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची जागा लागते. तिथून चौक सरळ नजरेस न पडता वळून जावे लागत असेल, तर ती आडवण मुद्दाम केलेली आहे.

मग बाहेरून फेरी मारा. खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली भिंत, कोपऱ्यांना बुरूज, त्यांत जंग्या, म्हणजे बंदुकीचा मारा करायची भोके. जंगी आतून रुंद, बाहेरून अरुंद आणि बाहेरच्या अंगाला उतरती असते. एका ओळीत, सारख्या अंतरावर असलेली सरळ भोके मात्र बांधकामाच्या वेळच्या परांचीची. पुष्कळजण त्यांनाच जंग्या समजून फोटो काढतात! आडावरून काही ठरवू नका, तो चांगल्या वाड्यांतही असतो. सोपा, माजघर, बळद, गोठा, परडे हे दोन्हीकडे सारखेच, कारण आत राहणारा शेवटी शेतकरीच.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्या गढीच्या भिंतीला कमरेइतके पाणी होते. खाली काळा दगड, वर पांढरी माती. नंतर सिमेंटचा गिलावा केला. आता तो ठोकला की पोकळ वाजतो आणि त्याच्या वरच्या बाजूला लोणा फुटतो. पुन्हा गिलावा करावा का? (एक वाचक, ता. शिरोळ)

उत्तर : सिमेंटचा नको. मातीची भिंत पायातून ओल ओढते आणि अंगभर वाळवते. सिमेंटने तिची वाळायची वाटच बंद झाली. म्हणून ओल वर चढली, गिलाव्याच्या वरून बाहेर पडली आणि तिथे क्षार उरले. तोच तुमचा लोणा. गिलाव्यामागेही क्षारांचे खडे फुगून मातीचे पीठ करतात. बाहेरून भिंत धडधाकट दिसते आणि आतून कोरली जाते, धोका हाच.

काम दिवाळीनंतर धरा, म्हणजे वाळायला उन्हाळा मिळतो. गिलावा छिन्नीने, चार-पाच फुटांचा एकेक टप्पा घेऊन काढा. ब्रेकर लावू नका, हादऱ्याने वरची माती सुटते. भिंत खोल कोरलेली निघाली तर हात थांबवा, तुळयांना टेकू द्या आणि अभियंत्याला दाखवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात.

खड्डे त्याच मातीच्या कच्च्या विटांनी भरा, भाजलेल्या विटा आणि सिमेंट वापरून नव्हे. लिंपणासाठी सुरुवातीला तीन पाट्या पांढरी माती, एक पाटी बारीक वाळू, एक पाटी भुसा आणि थोडे शेण घ्या. पाण्यात कालवून आठवडाभर मुरवा, रोज तुडवा. भिंतीवर हातभर नमुना लावून वाळू द्या. भेगा पडल्या तर वाळू वाढवा, हाताला भुकटी लागली तर कमी करा. मग बोटभर जाडीचे दोन थर, पहिला वाळल्यावरच दुसरा. वरून चुन्याची सफेदी चालते, प्लास्टिक पेंट चालत नाही.

शेतातली काळी माती वापरू नका. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पांढरीही गढीच्याच टेकाडातून उकरू नका. खत म्हणून पांढरी गाड्यांनी शेतात नेल्यामुळेच कित्येक गढ्यांचे पाये उघडे पडले आहेत.

भिंतीला लागून काँक्रीटचा पट्टा घातला असेल तर तोही काढा. खालची ओल वर यायला भिंतच शोधते. त्याऐवजी जमिनीला बाहेर उतार द्या आणि पागोळीचे पाणी गटारीत सोडा.

प्रश्न : चौकातली फरशी काढताना तोंड झाकलेले पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) सापडले. उतरून साफ करावे का? (एक वाचक, ता. करवीर)

उत्तर : लगेच उतरू नका. धान्य किंवा कचरा कुजून बंद पेवात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि उतरणारा क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच अडकतो. दिवा सोडून बघण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर धोका नक्की, पण जळत राहिला म्हणून हवा चांगली असे धरू नका. तोंड उघडे ठेवून पंख्याने नळीवाटे तळापर्यंत हवा सोडा आणि गॅस तपासण्याचे यंत्र असलेल्या जाणकाराला बोलवा. तोवर तोंडाभोवती कठडा करा, पोरेसोरे फिरकतात.

आत जुनी नाणी किंवा दागिने निघाले तर, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, ऐवज दहा रुपयांपेक्षा जास्त असला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.