विश्वास आहे, मग छाती का धडधडते?

‘मॅडम, देवावर भरवसा असणाऱ्याला अशी भीती वाटते का हो?’ देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये नेमाने जाणारी माणसं मला, एका समुपदेशकाला, हा प्रश्न आडून आडून विचारतात. भायखळ्याच्या एका बाईंनी तो सरळच विचारला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

वय चाळिशीचं, मराठी ख्रिस्ती कुटुंब, मुलुंडला शाळेत नोकरी. यजमानांना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली, ते बरे झाले. इस्पितळापासून कर्जापर्यंत सगळं यांनीच निभावलं. नंतर एका रविवारी भक्तीच्या वेळी उभं राहून त्यांनी साक्ष दिली: प्रभूने कसं सांभाळलं ते सांगितलं. ऐकणाऱ्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, डोळे भरून आले. आणि घडी नीट बसल्यावर, काही महिन्यांनी, दादर सोडून कुर्ल्याकडे निघालेल्या फास्ट लोकलमध्ये त्यांचा श्वास अडकला. दरदरून घाम, बोटांना मुंग्या, ‘आता मी जाते’ अशी खात्री. डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक. हा पॅनिक अटॅक. तो साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि ओसरतो. संकट सुरू असताना कंबर कसून उभी राहिलेली माणसं ते सरल्यावर कोसळतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

पण त्यांना लोकलपेक्षा रविवार जड जात होता. ‘सगळ्या मंडळीसमोर साक्ष दिलेली बाई मी. आता कुठल्या तोंडाने सांगू?’ प्रार्थनेसाठी विनंत्या घेतल्या जायच्या तेव्हा त्या शेजारणीच्या गुडघ्यांसाठी सांगायच्या, स्वतःसाठी कधीच नाही. खंबीर म्हणून नाव झालेल्या माणसाला रडायला जागा उरत नाही.

‘तुमच्या शास्त्रात घाबरलेलं कोणीच नाही का?’ मी विचारलं. त्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना शिकवतात, त्यामुळे उत्तर त्यांच्याकडेच असणार होतं. जरा थांबून म्हणाल्या, ‘एलीया.’ बआल या परक्या दैवताच्या संदेष्ट्यांना एकट्याने हरवणारा बायबलमधला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवदूत त्याला रागावला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. ‘दरवर्षी शिकवते मी हे,’ म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. मी ख्रिस्ती नाही. मला ही गोष्ट सुचली नसती.

मग प्रार्थनेविषयी बोललो. अटॅक आला की त्या स्तोत्र म्हणायच्या आणि दर ओळीनंतर तपासायच्या, गेली का भीती? अशी चौकशी सुरू झाली की धडधड वाढते, हे कुठल्याही धर्माच्या जपाला लागू आहे. मी म्हटलं, स्तोत्र जरूर म्हणा, पण भीती घालवण्याचं काम त्याला लावू नका. ती शेजारी बसली तर बसू द्या. हे जमायला वेळ लागला.

सगळ्या मंडळीला सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोघींना सांगितलं: पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, पत्नीला आणि महिला संघातल्या एका मैत्रिणीला. पाळकसाहेबांची पत्नी एवढंच म्हणाली, ‘तुला प्रार्थना जमत नसेल तेव्हा आम्ही करू, तू नुसती येऊन बस.’ माझ्या खुर्चीतून मला हे देता आलं नसतं. श्रद्धावान माणसाला समुपदेशकाने मंडळीपासून तोडू नये असं मला वाटतं, ते अशा बायकांमुळे.

मंडळीत सगळेच शहाणे नसतात, हेही खरं. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात कोणीतरी ‘विश्वास धरा, गोळ्या सोडा’ असं सुनावलं. पाळकसाहेबांनी परस्पर उत्तर दिलं की बायबलमधलं एक शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

पुन्हा लोकलने जाण्याच्या सरावाला गर्दी नसलेली स्लो लोकल निवडली. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. वाटेल तिथे उतरता येतं. मैत्रीण आधी शेजारी बसायची. पुढे मी तिला दुसऱ्या डब्यात बसायला सांगितलं, आणि नंतर यायचंच नाही. मैत्रिणीला वाईट वाटलं. पण सोबत असेल तरच प्रवास, अशी सवय लागली की सोबतीचीच कुबडी होते.

आता त्या फास्टने मुलुंडला जातात. पावसात गाडी मध्येच थांबली की धडधडतं, उतरावंसं वाटतं, बसून राहतात. गोळ्या कमी करण्याचं डॉक्टर ठरवतील. गेल्या महिन्यात विनंत्यांच्या वेळी त्यांनी स्वतःचं नाव दिलं. कशासाठी ते सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.