छंद जोपासा म्हणतात, पण वावरातून आल्यावर वेळ कोणाकडं असते?

माझ्याकडे समुपदेशनासाठी खेड्यातून जे लोक येतात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मॅडम, टेन्शन आलं की जो तो सांगतो छंद जोपासा, चित्रं काढा, फिरायला जा, पण आम्ही दिवसभर वावरातच फिरतो ना, मग अजून कुठं फिरायचं, आणि रंग-ब्रश घ्यायला पैसे कोण देणार? प्रश्न बरोबरच आहे. छंदाच्या नावाखाली जे सांगितलं जातं ते बहुतेक शहरातल्या रविवारसाठी असतं, आपल्याकडे रविवार म्हणजे आठवडी बाजार.

तर एक केस सांगते, यवतमाळकडची. नाव बदललं आहे, शंकरभाऊ म्हणू. वय पंचेचाळीसच्या आसपास, पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि सोयाबीन. २०२४ चा सीझन. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि बाजारात विकायला गेलं तर चार हजाराच्या आसपास, त्यात सोसायटीचं कर्ज, पोरगी बारावीला. स्वतःहून आले नव्हतेच, आशाताईंनी घरोघरी फॉर्म भरताना झोपेचं विचारलं तेव्हा बायकोनं सांगितलं म्हणून आले. बायको, सुनंदाताई म्हणू, त्याच बोलत होत्या, "रात्री दोन-तीन वाजता उठून बसते हे, अंगनात चकरा मारते, मंग मलेबी झोप येत नाई. कोनाशी बोलत नाई. पोरीवर खेकसते."

शंकरभाऊ खाली बघून म्हणाले, "मले काई झालं नाई मॅडम. डोकशात तेच ते चालू रायते, बस."

ही "तेच ते"ची तक्रार मी इतकी ऐकते की काय सांगू. कर्ज, भाव, पाऊस, पोरीची फी, परत कर्ज. विचार करून हिशोब सुटत नाही पण डोकं बसतं मांडत.

आधी जे करायचं असतं ते केलं. बीपी पाहिलं, दारूचं विचारलं (कधीमधी, रोज नाही), नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते मागच्या दोन आठवड्यांबद्दलची ती भरून घेतली, जगणं नकोसं वाटतं का हे सरळ शब्दात विचारलं. लोकांना वाटतं असं विचारलं तर माणसाच्या मनात भलतंच येईल, तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. शंकरभाऊंच्या मनात तसं काही नव्हतं. तरी फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात ठेवा अन किल्ली सुनंदाताईंकडे, हे मी प्रत्येक कास्तकाराच्या घरी सांगते तसं यांनाही सांगितलं. डॉक्टरांनी तपासून आत्ता गोळी नको, पंधरा दिवसांनी परत पाहू असं ठरवलं.

आता मुद्द्यावर येते. "तुमचा छंद काय" असं मी कधीच विचारत नाही, त्याला उत्तर येतच नाही, माणूस लाजतो नाहीतर "आमाले कायचा छंद" म्हणून मोकळा होतो. मी विचारते, आधी असं कोणतं काम होतं की ते करताना चहा थंड झाला तरी कळायचं नाही? शंकरभाऊ गप्प. सुनंदाताई पटकन म्हणाल्या, "दोर वळायचे ना! पोळ्याच्या आंधी महिनाभर अंबाडीचे कासरे, मोरक्या, वेसनी. साऱ्या गावाचे लोक न्यायले येत."

मग बंद का झालं? बैल विकले. ट्रॅक्टर भाड्यानं येतो. आणि दुकानात नायलॉनचा दोर स्वस्तात मिळतो, अंबाडीचा कोण वळत बसेल.

मला हे ऐकून बरं वाटलं खरं सांगायचं तर, कारण ज्या कामाचा आता काही उपयोगच उरला नाही तेच मला पाहिजे होतं. घरात प्रत्येक गोष्टीचा हिशोब चालू असतो, क्विंटल किती, भाव किती, व्याज किती. ज्याचा हिशोबच लागत नाही असं काहीतरी दिवसात अर्धा तास पाहिजे. म्हणून सांगितलं, सांजच्याला दिवाबत्तीनंतर ओट्यावर बसा, मोबाईल घरात ठेवा, अर्धा तास दोर वळा, किती झाला ते मोजायचं नाही, कोणाला द्यायचा नाही, आवडला नाही तर उकलून टाका.

"बैल तं इकले, मंग कासरा काहाले वळू?" हा त्यांचा प्रश्न. वळायला वळा, म्हटलं.

अंबाडी आपल्याकडे आता भाजीपुरतीच राहिली, तुरीच्या ओळीत चार झाडं लावतात. आंबट भाजी, वर लसणाची फोडणी अन सोबत ज्वारीची भाकर... असो. पण दोरासाठी झाडं कापून पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालाव्या लागतात, मग साल सोलून धुवून वाळवली की वाख निघतो. एवढा खटाटोप आता कोण करतं. नशिबानं यांच्या घरी जुन्या वाखाचं एक गाठोडं आढ्याला टांगलेलं होतं.

दुसऱ्या वेळी आले तेव्हा पिशवीत थोडा वाख घेऊन आले आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसून करून दाखवलं, मला बघायचंच होतं. वाखाचे दोन पदर, मांडीवर तळहातानं एका दिशेनं पीळ द्यायचा, आणि मग ते दोन्ही पदर एकमेकांवर उलट्या दिशेनं वळायचे, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकाला धरून ठेवतात आणि दोर सुटत नाही. मधेमधे नवीन वाख जोडत जायचा. आणि यातली खरी गोष्ट त्यांनीच सांगितली, "ध्यान कर्जाकडं गेलं ना मॅडम, की पदर तिथंच जाड होते. बोटाले लगेच समजते." बस, मला एवढंच पाहिजे होतं! विचार भरकटला की बोट त्याला परत घेऊन येतं. विचार थांबवा म्हणून कोणाचे थांबले नाहीत आजपर्यंत. म्हणूनच अर्धा तास रील पाहण्यात तसा आराम मिळत नाही, हात रिकामे राहतात आणि मधेच कोणी ग्रुपवर कापसाचा भाव टाकतो.

बरं, हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद देऊन बसवलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, हे ताणाशी जोडलेलं हार्मोन आहे, तर साधारण ७५ टक्के लोकांचं कमी झालं. २०१६ चं आहे हे. अभ्यास छोटाच, पण त्यात एक गोष्ट मला फार आवडते, ज्याला कला येते आणि ज्याला काहीच येत नाही त्यांच्यात फरक पडला नाही. म्हणजे चांगलं जमलंच पाहिजे अशी अट नाही. आणि मन लागेल तेव्हा करू असं म्हणून बसायचं नाही, आधी करायला लागायचं, मन मागून येतं, ही पद्धत १९७० च्या दशकापासून नैराश्याच्या उपचारात वापरतात. गोव्यात तर मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेनं साध्या, डॉक्टर नसलेल्या लोकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करून दाखवलं.

तर झोप सुधारली का? सुधारली, एकदम नाही. तीन वाजता उठणं चालूच होतं पण चकरा कमी झाल्या, पोरीवर ओरडणं कमी झालं. गावातले लोक हसले, "बैल नाई अन कासऱ्याले जोर" वगैरे. शंकरभाऊ म्हणे हसू द्या.

पुढं मात्र मजा झाली. पुतण्यानं व्हिडिओ काढून टाकला. तो पाहून नागपूरकडच्या कोण्या रिसॉर्टवाल्यानं सजावटीसाठी शंभर दोर मागितले, पैसे बरे देतो म्हणाला. घरात सगळे खूश. आणि पुढच्या वेळी शंकरभाऊ आले ते पहिल्यासारखेच, डोळे लाल. वाख पुरत नाही, तारीख जवळ आली, दोर सारखे आले नाही तर तो परत करेल, रात्री तेच ते. जो अर्धा तास हिशोबाबाहेर होता तोही हिशोबात गेला.

बचतगटाच्या मीटिंगमधे, यूट्यूबवर, सगळीकडे एकच ऐकू येतं, छंदातून कमवा. कमवा ना, चांगलंच आहे, पण मग ते काम झालं, दुसरं काहीतरी शोधा. कर्जात असलेल्या माणसाला मी ऑर्डर सोडा असं कोणत्या तोंडानं सांगू? पैसा लागतोच. म्हणून ऑर्डर ठेवली, पुतण्या आणि गावातले दोन म्हातारे हाताशी घेतले, दोर दिवसाच वळायचे, दिवस मावळल्यावर वाखाला हात लावायचा नाही असं ठरलं.

आणि संध्याकाळ? तिथं त्यांनी स्वतःच सांगितलं, आता दोराचा कंटाळा आला, मी भजनात जातो. त्यांच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज सायंकाळी होते, तुकडोजी महाराजांची खंजिरी तर आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. लहानपणी शंकरभाऊ खंजिरी धरायचे, मग सुटलं. मला विचाराल तर हे दोरापेक्षाही बरं झालं. गाताना श्वास लांब सोडावा लागतो, लांब श्वास सोडला की धडधड कमी होते, आणि चार लोकांत बसणं होतं. सूर कोणी मोजत नाही तिथं. एक छंद जन्मभर पुरलाच पाहिजे असं थोडंच आहे.

एक सांगून ठेवते, छंदानं कर्ज फिटत नाही आणि आजारही बरा होत नाही. दोन आठवड्यांच्या वर जर झोप-भूक गेली असेल, आवडतं तेही नकोसं झालं असेल, रडू येत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर दोर-भजन बाजूला ठेवा अन डॉक्टरकडे या, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. लाजायचं नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला होता, तिथं सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले चार-साडेचार लोकच मदत घेत होते, दीड वर्षात ते सत्तावीसच्या आसपास गेले. कोणी विचारणारं असलं की लोक बोलतात.

शंकरभाऊंची फाईल तशी बंद करायला आली होती. तेव्हा सुनंदाताई जाता जाता दारात थांबल्या. "मॅडम, यायले इचारलं चहा कवा थंडा होते म्हनून. मले काहून नाई इचारलं?"

बसवलं मग त्यांना. त्यांना ना दोर पाहिजे होता ना भजन. "मले अर्धा घंटा कोनी हाक नाई मारली पायजे," एवढंच. त्या वेळात काय कराल तर म्हणे माहेरची भुलाबाईची गाणी वहीत लिहून ठेवायची आहेत, अर्धी विसरली. शंकरभाऊंना तिथंच विचारलं की हे चूल-पाणी अर्धा तास कोण बघेल, ते जरा घुटमळले, मग म्हणाले दूध मी तापवतो, भाकरी येत नाहीत. पोरीची बारावी आहे म्हणून तिला हे काम सांगायचं नाही हेही ठरलं. सासूबाईंचं काय ते अजून ठरायचं आहे. सुनंदाताईंच्या नावानं नवा केसपेपर काढला.