सूझौला निघण्यापूर्वी: जेवणाच्या वेळा आणि तुझं वेळापत्रक

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चीनमधल्या सूझौच्या कारखान्यात दोन वर्षं, रोज पुण्याच्या टीमशी बोलणं आणि त्यात तू शाकाहारी. म्हणून पहिली सूचना अशी की, कामाचं वेळापत्रक आखून त्यात जेवण कोंबू नकोस. तिकडे जेवणाच्या वेळा हलत नाहीत. त्या आधी कागदावर मांड, काम उरलेल्या जागेत बसव.

चीनभर एकच घड्याळ चालतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. कारखान्यांची कँटीन साधारण साडेअकराला उघडतात. साडेबारापर्यंत भाज्यांचे ट्रे रिकामे होतात आणि एकच्या सुमारास आवराआवर सुरू होते. रात्रीचं जेवण साडेपाच ते सातच्या दरम्यान. बाहेरची बरीच छोटी हॉटेलं दुपारी दोन ते साडेचार-पाच चूल बंद ठेवतात. दीडला दुपारचं आणि नऊला रात्रीचं, ही आपली सवय घेऊन गेलास तर दोन्ही वेळेला थंड, उरलंसुरलं खावं लागेल. शाकाहारी माणसाला तर तेही मिळायचं नाही, कारण आधी संपतात त्या पालेभाज्याच.

आता पुण्याचं गणित. तिथे साडेनऊला ठेवलेली मीटिंग सूझौत बरोबर बाराला येते, म्हणजे ऐन जेवणात. पुण्यातल्या लोकांना हे लक्षात राहत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात तू सांगून टाक: पुण्याच्या साडेअकरा ते अडीच या वेळेतच बोलू. तुझ्याकडे तेव्हा दोन ते पाच वाजलेले असतील. सकाळी साडेआठ ते साडेअकरा ही वेळ मात्र कुणाला देऊ नकोस. तेव्हा पुण्यात सहा ते नऊ, कुणाचा फोन नाही, मेल नाही. ड्रॉइंग तपासणं, अहवाल लिहिणं, हिशेब, जे डोकं लावून करायचं ते सगळं त्या तीन तासांत. ते तास मेलला उत्तरं देण्यात घालवणारे लोक संध्याकाळी सातला खरं काम सुरू करतात आणि जेवणही हुकवतात.

जेवणानंतर दीड वाजेपर्यंत, काही ठिकाणी दोनपर्यंत, विश्रांती असते. तिला ‘वूश्यो’ म्हणतात. ऑफिसातले दिवे मालवतात, कुणी टेबलावर डोकं टेकतं, कुणी घडीची खाट उघडतं. त्या वेळी तातडीचा प्रश्न घेऊन कुणाच्या टेबलापाशी जाणं म्हणजे आपल्याकडे एखाद्याला भरल्या ताटावरून उठवणं. पुरवठादारांना फोन करायचे ते दोननंतर, फारच तातडी असेल तरच सकाळी नऊ ते अकरा. सव्वाअकराला विचारलेल्या प्रश्नाला ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं.

सकाळचं खाणं रस्त्यावर, सात ते साडेआठ. सोयाबीनचं गरम दूध म्हणजे ‘दौज्यांग’, त्यात बुडवून खायची पिठाची लांब तळलेली कांडी म्हणजे ‘योउथ्याव’. नऊनंतर या गाड्या निघून जातात. सूझौची खासियत म्हणजे नूडल्सची दुकानं. पहाटे भरलेल्या ताज्या पाण्यात उकडलेल्या पहिल्या नूडल्ससाठी तिथले जुने लोक लवकर उठतात. दिवस चढतो तसं हंड्यातलं पाणी पिठूळ होतं आणि नूडल्स बुळबुळीत लागतात. तुला अडचण अशी की रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा असतो. त्यासाठी शीयुआन या बौद्ध मंदिरातल्या मशरूमच्या शाकाहारी नूडल्स शोध, रविवारी सकाळी जा. बौद्ध शाकाहारी खानावळींत कांदा-लसूणही टाळतात, ही गोष्ट तुझ्या जैन सहकाऱ्यांना सांगून ठेव. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक जण शाकाहार पाळतात. त्या दिवशी अशा ठिकाणी गर्दी, तेव्हा अर्धा तास आधी पोच.

‘मी शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. बघणाऱ्याला मांसाचे तुकडे दिसले नाहीत की पदार्थ शाकाहारी, अशी समजूत बऱ्याच स्वयंपाकघरांत असते. फोनमध्ये चिनी लिपीत हे वाक्य लिहून घे: मांस, मासे, कोळंबी नको, डुकराची चरबी, कोंबडीचा रस्सा आणि ऑयस्टर सॉसही नको, अंडं चालेल (किंवा नाही). मापो टोफू (सोयाबीनच्या पनीरचा तिखट पदार्थ) आणि कोरड्या परतलेल्या शेंगा निरुपद्रवी दिसतात, पण दोन्हींत खिमा असतो. बटाट्याचे व्हिनेगर घातलेले बारीक काप, बटाटा-वांगं-ढोबळी मिरची, लसणाची पालेभाजी, टोमॅटो-अंडं हे चार पदार्थ जवळपास सगळीकडे मिळतात. त्यांची नावं पाठ कर, रोजची दहा मिनिटं वाचतील. घरपोच मागवायचं असेल तर पावणेअकराला ऑर्डर टाक. बाराला टाकलीस तर एकपर्यंत वाट बघत बसशील.

कंपनीच्या मेजवानीची संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेव. सहाचं निमंत्रण असेल तर पाच-पन्नासला हजर. आपल्याकडे आधी गप्पा होतात आणि पान उशिरा वाढतात. तिकडे सगळ्या गप्पा टेबलावरच. यजमान दाराकडे तोंड करून बसतो, मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. कोण कुठे बसलंय ते नीट बघ, निर्णय कुणाच्या हातात आहे ते कळेल. ही माहिती कुठल्याही मीटिंगच्या इतिवृत्तात मिळत नाही. आपली जागा दाखवल्याशिवाय बसू नकोस.

आधी थंड पदार्थ, मग गरम, भात किंवा नूडल्स अगदी शेवटी. नवखे लोक पहिल्या वीस मिनिटांत पोट भरतात आणि पुढच्या दहा पदार्थांना नाही म्हणत बसतात. प्रत्येक वेळी एक-दोन घास घे. पदार्थ ठेवलेली टेबलावरची फिरती चकती हळू फिरव, दुसरा वाढून घेत असताना तिला हात लावू नकोस. जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, मृतांसमोर उदबत्त्या तशा लावतात. बायज्यू दारू बहुधा चाळीस ते त्रेपन्न टक्क्यांची असते. घ्यायची नसेल तर पहिल्या पेल्यालाच ‘यी छा दाय ज्यू’, म्हणजे दारूऐवजी चहा, असं सांग. दोन पेले घेऊन मग नाही म्हटलंस तर कुणी ऐकायचं नाही. पेला भिडवताना वडीलधाऱ्यांच्या पेल्यापेक्षा आपला थोडा खाली धर. फळं आली की समज, आटोपलं. साडेआठच्या सुमारास सगळे झटकन उठतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यांगचंग सरोवराचे खेकडे असतील तर मात्र तासभर जास्त धर. एक खेकडा नीट सोलून खायला अर्धा तास लागतो. तू शाकाहारी आहेस हे यजमानाला आदल्या दिवशीच कळव, ऐनवेळी सांगणं त्याला अवघड करतं.

घरी टायमर असलेला राईस कुकर आणि विजेवरचा प्रेशर कुकर घे. तिकडचा गोल तांदूळ चिकट होतो, त्याला एकास सव्वा पाणीच पुरे. हिरवे मूग कुठेही मिळतात: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूग, चार वाट्या पाणी, हळद-मीठ, झाली खिचडी. टायमर रात्री लावून सकाळी खायला हरकत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी भिजवून संध्याकाळसाठी लावू नकोस. उकाड्यात आठ-नऊ तासांत पाणी आंबतं.

सुट्ट्यांचं कॅलेंडर नीट वाच. मोठ्या सुट्टीच्या बदल्यात आधीचा किंवा नंतरचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा असतो, तेव्हा पुण्याला सुट्टी आणि तुला काम. २०२७ मध्ये चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे. छोट्या हॉटेलांचे स्वयंपाकी त्याआधी आठवडाभर गावी निघतात आणि डिलिव्हरीही मंदावते. तोपर्यंत दहा दिवसांचं धान्य, भाजी आणि गॅस किंवा विजेचं रिचार्ज भरून ठेव. तिकडे फोनवरून पैसे द्यायच्या अलीपे आणि वीचॅट या ॲपना आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्याआधीच जोड, पासपोर्टचा फोटो लागतो.

कार्ड जोडलं गेलं का ते कळव.