सुट्टी लागायच्या आधी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेला सुट्टी लागायला अजून पाच आठवडे आहेत, धंदा घरातल्याच एका खोलीतून चालतो, बायको सकाळी कामावर जाते आणि सहा वर्षांची लेक व दहा वर्षांचा मुलगा दिवसभर तुझ्याजवळ असणार. हे निभवायचं कसं, असं तू विचारलंस. आत्ताच विचारलंस, हे फार चांगलं केलंस. मी विचार करायला बसले तेव्हा सुट्टीचा पहिला आठवडा संपला होता.

तेव्हाची गोष्ट सांगते. एका मोठ्या ऑर्डरचं कोटेशन करत होते. मुलगा शेजारी बसून काहीतरी रंगवून सांगत होता आणि मी 'हं, हं' करत आकडे भरत होते. कोटेशन गेलं, ग्राहकाने लगेच होकार दिला आणि मग लक्षात आलं, वाहतुकीचा खर्च धरायचाच राहिलाय. शब्द दिला होता, तो पाळला. त्या कामात हाती काहीच उरलं नाही. पण त्याहून जास्त लागलं ते मुलाचं बोलणं. रात्री झोपताना म्हणाला, "आई, तू हं म्हणतेस, पण तुला ऐकू येत नाही."

म्हणून माझं सांगणं एकच आहे. सुट्टीत कामाचे तास कमी कर, पण एकाच तासात काम आणि मुलं दोन्ही कोंबू नकोस. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. तिचा विषय नोकरीतल्या कामांचा होता. मला मात्र ते वाचताना माझंच टेबल आठवलं.

आधी कामं वेगळी काढ. हिशोब, कोटेशन, नव्या ग्राहकाशी पहिलं बोलणं, थकलेल्या बिलांची वसुली ही कामं मुलं समोर असताना हातात घ्यायचीच नाहीत. पॅकिंग, लेबलं लावणं, माल मोजणं हे मुलं आजूबाजूला असली तरी होतं. उरलेलं सगळं सुट्टीनंतर: नवी वेबसाइट, नवं उत्पादन, दरपत्रकाची नवी मांडणी. ही शेवटची यादी करताना तुझ्या जिवावर येईल. 'सुट्टीत जरा निवांत करू' असं दरवर्षी वाटतं आणि तसा निवांतपणा मिळत नाही.

पहिल्या प्रकारच्या कामांना रोज सलग दोन-अडीच तास मिळाले तरी खूप होतात. ते पहाटे काढ, मुलं उठायच्या आधी. रात्री काढू नकोस. दिवसभर मुलांमागे फिरून दमलेला माणूस आकड्यांत चुकतोच. मुलाच्या मित्राच्या घरी बोलून बघ: एक सकाळ त्यांची मुलं तुझ्याकडे, एक सकाळ तुझी त्यांच्याकडे. तुझ्याकडे सगळी गोळा होतील त्या दिवशी कामाची आशा धरू नकोस, म्हणजे चिडचिड होणार नाही.

ग्राहकांना आत्ताच कळव. एरवी चार दिवसांत माल देत असशील तर सुट्टीपुरते आठ दिवस सांग आणि जमलं तर सहाव्या दिवशी दे. फोन कोणत्या वेळेत घेशील तेही सांग. 'मुलं घरी आहेत' हे कारण द्यायला संकोच वाटतो, असं तू लिहिलं आहेस. तो सोड. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात उशीर होणार म्हणून आधी सांगितलं तर फारच थोडे ग्राहक तुटले. न सांगता उशीर केला तेव्हा मात्र तुटले.

पैशाची एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही. तू महिनाभराच्या उधारीवर माल देतोस. म्हणजे सुट्टीत काम कमी झालं तरी खात्यात पैसे येत राहतील, ते आधीच्या कामाचे. खड्डा दिसेल तो शाळा सुरू झाल्यावर, नेमका वह्या-पुस्तकं आणि फी यांच्या वेळी. तेवढी रक्कम आत्ताच बाजूला काढायला लाग.

आता मुलांचं. सहा वर्षांच्या लेकीला 'थोड्या वेळाने' म्हणजे किती, हे कळत नाही. तिला दिसेल असं काही ठेव: वाळूचं घड्याळ, किंवा भिंतीवरच्या घड्याळात काटा जिथे येईल तिथे लाल कागदाची पट्टी. काटा तिथे आला की उठायचं, मेल अर्धा लिहून झाला असला तरी. दोन-तीन दिवस तू वेळेवर उठलास की ती दाराशी येणं कमी करेल, कारण तिला भरवसा आलेला असेल. एकदा जरी 'अजून पाच मिनिटं' म्हणालास, तर पुन्हा पहिल्यापासून.

मुलगा मदत करतो म्हणतो, ते ऐकून बरं वाटलं. त्याला लेबलं चिकटवू दे, खोकी मोजू दे. पण धारदार आणि गरम वस्तूंपासून त्याला लांब ठेव आणि त्याच्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नकोस. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या करारात हलक्या कामासाठीसुद्धा सर्वसाधारणपणे तेरा वर्षांची अट आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांच्या विश्रांती आणि खेळाचा हक्क मानतं. घरातली हौसेची मदत वेगळी, हे मला कळतं. तरी तो कंटाळून उठला की जाऊ दे, हाक मारून परत बसवू नकोस.

आणि दिवसातला एक तास असा ठेव, की फोन दुसऱ्या खोलीत आणि तू त्या दोघांचा. काय खेळायचं ते त्यांना ठरवू दे.

या आठवड्यात त्या तीन याद्या कर आणि ग्राहकांना पाठवायच्या निरोपाचा कच्चा मसुदा मला धाड. रविवारी सकाळी वाचून लगेच कळवते.

तुझी,
ताई