आजोबांची बंदूक हॉलमध्ये लावायची आहे, चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं गाव कुडाळ तालुक्यात. आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक होती, लायसन त्यांच्याच नावावर. आजोबा 2011 ला गेले, लायसनचं पुस्तक सापडत नाही, बंदूक माळ्यावरच राहिली. आता नवीन घर बांधलंय तर हॉलमध्ये फ्रेम करून ती भिंतीला लावावी आणि काका मिल्ट्रीत होते त्यांच्या ट्रंकेत थ्री नॉट थ्री रायफलच्या 4 गोळ्या आणि काही रिकाम्या पुंगळ्या मिळाल्यात त्या खाली काचेत ठेवाव्यात असं मनात आहे. बंदूक गंजलेली आहे, वाजणार नाही. मित्र म्हणतो अँटिकला लायसन लागत नाही. खरं का?

उत्तर : दादा, आजोबांची आठवण डोळ्यासमोर असावी ही तुमची इच्छा मला अगदी समजते, पण आधी गोळ्यांचं बोलते कारण खरी अडचण तिथे आहे. गोळी उचलून हलवून बघू नका, नुसती बुडाकडून नजर टाका. मध्ये गोल टोपी दिसेल आणि कडेला अक्षरं असतील, केएफ असेल तर ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. टोपीवर खड्डा नसेल तर काडतूस जिवंत. आणि खड्डा आहे पण पुढची गोळी जागेवरच आहे तरी जिवंतच धरा, म्हणजे पिन बसली पण बार उडाला नाही, आतली दारू तशीच आहे. किती वर्षं झाली याला काही अर्थ नाही, कोरड्या ट्रंकेतलं काडतूस पन्नास वर्षांनीही उडू शकतं. पक्कडने गोळी काढून दारू ओतायचा उद्योग तर अजिबात नको.

कायद्याचं म्हणाल तर 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 3 मध्ये बंदुकीबरोबर दारूगोळाही येतो. विनालायसन सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं शिक्षा आहे, वर दंड. काकांची आठवण म्हणून ठेवली होती हे तुम्ही कोर्टात सांगाल, पण तुम्हाला माहीत होतं, तुम्ही स्वतः काचेत मांडली, मग "मला कल्पना नव्हती" हा बचावच हातचा गेला ना. उडालेल्या रिकाम्या पुंगळ्यांचं वेगळं. कलम 45 मध्ये अशा किरकोळ भागांना सूट आहे, अट एवढीच की ते दुसऱ्या भागांबरोबर जोडून वापरायचा हेतू नको. त्या ठेवा खुशाल, फक्त मिल्ट्रीतून आल्यात तर काकांचे सर्व्हिसचे कागद जवळ असू देत.

आता बंदूक. त्याच कलम 45 मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुरातन किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, मित्राने बहुतेक तेवढंच ऐकलंय. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे, की ते हत्यार दुरुस्ती करूनसुद्धा चालता कामा नये. गंज घासला आणि घोडा बदलला की वाजते ती बंदूक या सुटीत बसत नाही. आणि ठासणीची म्हणजे आपोआप अँटिक असंही नाही, शेतीच्या राखणीसाठी ठासणीचं लायसन आजही मिळतं, कायद्यातच तशी तरतूद आहे, तुमच्याकडे तर निवडणूक लागली की अशा बंदुका पोलीस स्टेशनला जमा करायला लोक जातात हे तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. 2020 च्या नियमबदलात क्युरिओ (म्हणजे संग्रहात ठेवण्यासारखी जुनी वस्तू) प्रकारात मोडणारी जुनी हत्यारं घरी ठेवायला लायसन नको असं आलंय, पण वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला लागतंच. तुमची बंदूक त्यात बसते का हे मित्राने नाही, लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवायचं, आणि ते लेखी घ्या.

एक प्रसंग सांगते. माझ्या एका पक्षकारांची अशीच माळ्यावरची बंदूक होती, गावच्या वेल्डिंगवाल्याकडून नळी बंद करून भिंतीला लावू असं त्यांचं ठरलेलं. मी हट्टाने आधी पोलिसांमार्फत लायसनवाल्या गन डीलरला दाखवायला लावली. त्याने गज नळीत घातला, जिथे अडला तिथे खूण केली, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघितला तर चार बोटं कमी. म्हणजे आत बार ठासलेला होता. कुणी कधी भरून ठेवला देव जाणे, आणि ती माणसं त्याच्यावर वेल्डिंग करणार होती.

म्हणून ती बंदूक गोळ्यांसकट पिशवीत घालून एसटीने कुडाळला नेऊ नका. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज लिहा, आजोबांचा मृत्यू दाखला जोडा, वस्तू घरी सापडल्यात आणि कलम 21 खाली जमा करायच्या आहेत असं स्पष्ट लिहा, त्यांनाच घरी बोलवा. बंदुकीचा नंबर, गोळ्यांची संख्या घातलेली पावती हातात घेतल्याशिवाय सोडू नका. इतक्या वर्षांचा उशीर झालाय, पण स्वतःहून जाणं आणि धाडीत सापडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जमा केली म्हणजे गेली असंही नाही, 2016 च्या नियमांत वारसाला लायसन द्यायची तरतूद आहे, बाकीच्या वारसांची ना हरकत लागेल, अर्ज कलेक्टर ऑफिसला. पुस्तक हरवलं तरी जुनी नोंद तिथे किंवा ठाण्यात शोधता येते. लायसन झाल्यावरही उघडी खिळ्याला टांगू नका, घरात लहान मुलं असतील तर कुलपाशिवाय नकोच. तोपर्यंत फ्रेममध्ये आजोबांचा बंदूक घेतलेला फोटो असेल तर तो लावा.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून तोफगोळ्याची पितळी पुंगळी घेतली, फुलदाणी केली तर?

उत्तर : वरून पूर्ण उघडी, आत रिकामी, बुडाची टोपी उडालेली असेल तर हरकत दिसत नाही, बिल मात्र मागा. पण पुढचं टोक जागेवर असेल किंवा आत काही हलतंय असं वाटलं तर हात लावू नका, 112 ला फोन करा. नोव्हेंबर 2018 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला निकामी दारूगोळा नष्ट करायच्या कामात स्फोट होऊन 6 माणसं गेली, आणि ते काम तर ठरलेल्या जागी चाललेलं होतं.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून गोळीची कीचेन आणणार आहे.

उत्तर : आजच फोन करून नको म्हणा. एअरपोर्टच्या स्कॅनरला ती गोळीच दिसते, डमी आहे हे सिद्ध होईपर्यंत फ्लाइट गेलेली असते. एकच काडतूस सापडलेल्या प्रवाशांवरचे गुन्हे दिल्ली हायकोर्टाने रद्द केलेत हे खरं, पण तिथपर्यंत जायला वकील लागला आणि वेळ गेला.