टॉर्च टेस्टमध्ये सीएमव्ही पॉझिटिव्ह आलं, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध द्यावं का?

दूध बंद करू नका. घरी उकळून तर मुळीच नेऊ नका. बाकीचं सावकाश सांगते.

तुम्ही लिहिलंय की बाळ 29 व्या आठवड्यात झालं, वजन 1100 ग्रॅम, अजून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. वहिनींच्या टॉर्च टेस्टमध्ये (गरोदरपणात काही ठरावीक संसर्ग शोधणारी रक्ततपासणी) सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचं आयजीजी (त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आलंय. दुधातून हा विषाणू बाळाला जातो असं मेहुण्यांनी वाचून सांगितलं आणि घरात दोन तट पडले. मी मुंबईत बरीच वर्षं एनआयसीयूत सिस्टर होते, त्यामुळे हे दोन तट माझ्या चांगलेच ओळखीचे आहेत.

आधी तो रिपोर्ट. आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणून वहिनी आत्ता आजारी आहेत असं होत नाही. हा विषाणू बहुधा लहानपणीच येऊन गेलेला असतो, कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि मग तो शरीरात जन्मभर निपचित पडून असतो. आपल्याकडे बहुतेक सगळ्याच बायकांचा हा रिपोर्ट असाच येतो. संध्याकाळच्या विरार लोकलचा लेडीज डबा तपासलात, तर निगेटिव्ह बाई शोधावी लागेल. (ही टेस्ट सरसकट लिहून देण्याची जी पद्धत पडलीय, तिच्यातून उत्तरं कमी मिळतात आणि भांडणं जास्त होतात, असं माझं मत.)

पण मेहुणे खोटं बोलत नाहीत. दूध सुरू झालं की हा विषाणू स्तनांत पुन्हा जागा होतो. आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्या दहातल्या नऊहून जास्त आयांच्या दुधात तो सापडतो. चिकात अगदी कमी, मग वाढत जाऊन साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ओसरतो. आईला ना ताप, ना गाठ, काहीच कळत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाला याचा त्रास होत नाही, कारण आईची आयजीजी प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे आलेली असतात. म्हणजे रिपोर्टमधल्या ज्या आयजीजीला तुम्ही घाबरलात, तेच बाळाचं चिलखत. फक्त ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पोचतं, आणि तुमचं बाळ ते पुरतं पोचायच्या आधीच आलं. म्हणून 32 आठवड्यांच्या आतल्या आणि 1500 ग्रॅमच्या खालच्या बाळांना जपावं लागतं. यांतल्याही बहुतेकांना लागण झाली तरी लघवीत विषाणू सापडतो, एवढंच. थोड्यांना मात्र खरंच त्रास होतो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरतात, लिव्हरचे आकडे वाढतात, बाळ मलूल पडतं, मध्येच श्वास थांबवतं. सेप्सिससारखं (रक्तात जंतू पसरल्यासारखं) सगळं दिसतं आणि ते जंतू शोधणारं ब्लड कल्चर मात्र कोरं येतं. क्वचित फुप्फुसं नाहीतर आतडी धरली जातात. अशा वेळी सीएमव्ही आठवला पाहिजे. गरज पडली तर गॅन्सिक्लोव्हिर हे या विषाणूवरचं औषध देता येतं.

मग धोका कशाला पत्करायचा, पावडरचं दूध काय वाईट, असं सासूबाई विचारणारच. त्यांना एनईसी (नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस) हा आतड्याचा आजार सांगा. एवढ्या लहान बाळांच्या आतड्याला सूज येते, आतडं मरायला लागतं, कधी ऑपरेशन करावं लागतं आणि बाळ हातचं जातंही. वरच्या दुधावरच्या बाळांत हे जास्त होतं, आईच्या दुधावर कमी. सीएमव्हीचा धोका आणि एनईसीचा धोका शेजारी ठेवले, तर माझं मत आईच्या दुधाकडेच जातं. बहुतेक नवजात तज्ज्ञही हेच सांगतील.

आता उकळण्याचं. उकळून विषाणू मरतो, पण ज्यासाठी आईचं दूध द्यायचं तेही त्यातून बरंचसं जातं. दूध बँकेत 62.5 अंशांवर 30 मिनिटं ठेवतात, म्हणजे पाश्चरीकरण करतात. त्यानेही सीएमव्ही मरतो, मात्र चरबी पचवणारं लायपेज संपतं आणि प्रतिपिंडंही कमी होतात. घरच्या पातेल्यात तर मोजमापच नाही. उणे 20 अंशांवर गोठवल्याने विषाणू घटतो, पूर्ण जात नाही. काही युनिट फार लहान बाळांसाठी काही आठवडे असं गोठवलेलं किंवा पाश्चरीकृत दूध देतात, काही ताजंच देतात. हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, घरच्या फ्रीजरचा नाही.

वहिनींचं दूध कमी पडलं, तर पावडरीआधी दात्या आयांच्या दुधाची चौकशी करा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली दूध बँक सुरू केली. दात्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वगैरे तपासणी होते आणि दूध पाश्चरीकृत असतं, त्यामुळे तिथे सीएमव्हीची भीती नाही. तरी ते पर्याय म्हणूनच. स्वतःच्या आईचं दूध पहिलं.

वहिनींना डिस्चार्ज मिळाला असेल आणि तुम्ही लोकलने दूध पोचवत असाल, तर डबा बर्फाच्या पाकिटांत घट्ट बसवा. बाटलीवर बाळाचं नाव, तारीख, काढल्याची वेळ लिहा. किती तासांपर्यंतचं दूध घेतात ते तिथल्या सिस्टरला विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: बाळ आज किती दिवसांचं आहे? 21 दिवसांच्या आत असेल, तर लघवीची सीएमव्ही पीसीआर (खुद्द विषाणू शोधणारी तपासणी) करायची का, हे उद्याच्या राउंडलाच विचारा. जन्माआधी पोटातच झालेली लागण वेगळी असते. तिच्यामुळे बाळाची ऐकण्याची शक्ती जाऊ शकते, दुधातून झालेल्या लागणीत ती भीती तशी दिसलेली नाही. तीन आठवडे उलटले की पॉझिटिव्ह रिपोर्ट यातल्या कुठल्या लागणीचा, ते सांगता येत नाही. लाळेवर करणार असतील, तर दूध दिल्यावर लगेच घेऊ देऊ नका, आईच्या दुधातलाच विषाणू त्यात येतो.